महोगनीची सोलापुरातली भावकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट या भागांतून लाकडाच्या झाडांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न महोगनीपासून सुरू होतात. उत्तर मात्र अनेकदा दारातल्या लिंबापाशी (म्हणजे कडुनिंबापाशी) किंवा डोंगरातल्या रोहन या झाडापाशी येऊन थांबतं. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर त्याचा क्रमांक कंसात दिला आहे.

१. खरी महोगनी नेमकी कोणती? प्रत्येक जण वेगळं झाड दाखवतो.

खरी महोगनी म्हणजे स्वीटेनिया या प्रजातीतली झाडं. त्यांच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. स्वीटेनिया माहागोनी ही क्यूबा, जमैका, बहामा आणि दक्षिण फ्लोरिडातली लहान पानांची महोगनी. स्वीटेनिया मॅक्रोफिला ही मेक्सिकोपासून ब्राझील-बोलिव्हियापर्यंतची मोठ्या पानांची महोगनी. तिसरी स्वीटेनिया ह्युमिलिस, मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची. ती आपल्याकडे फारशी दिसत नाही. भारतात पहिली महोगनी १७९५ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लागली. आज आपल्या रोपवाटिकांत मिळते ती बहुधा मोठ्या पानांची असते. कधी कधी त्याच नावाखाली वेगळंच झाड मिळतं (पाहा प्रश्न ८).

२. महोगनीच्या कुळातलं आपल्या भागात काही आहे का?

आहे, आणि तुम्ही रोज त्याच्या सावलीत बसता. महोगनीचं कूळ म्हणजे मेलिएसी, मराठीत निंबकूळ. कडुनिंब, बकाणनिंब, लिंबारा, तूण, रोहन आणि रोहितक ही सगळी याच कुळातली.

या कुळाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. लिंब, बकाण, लिंबारा आणि रोहितक एका शाखेत येतात. खरी महोगनी, आफ्रिकेतली खाया आणि सापेली, सिगारच्या पेट्यांसाठी प्रसिद्ध असलेली सेड्रेला, आणि आपली तूण व रोहन दुसऱ्या शाखेत. ढोबळ ओळख फळावरून होते. पहिल्या शाखेत लिंबोळीसारखी गराची फळं अनेकांना येतात. दुसऱ्या शाखेतल्या या झाडांची बोंडं वाळली की तडकतात आणि पंख असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात. म्हणजे लिंब महोगनीचा लांबचा नातलग, रोहन मात्र अगदी जवळचा.

३. दारातला जुना लिंब वादळात पडला. लाकूड फर्निचरला चालेल का, की जळणच?

जळणात घालू नका. लिंबाचा गाभा तांबूस, दणकट आणि महोगनीशी बराच मिळताजुळता असतो. घनमीटरला साधारण ७०० किलो वजन भरतं. वाळवी आणि भुंगे त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाहीत. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत लिंबाच्या तुळया आणि खांब घातलेले दिसतात, ते याच भरवशावर. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तीही लिंबाच्याच लाकडाच्या. २०१५ साली नवकलेवर, म्हणजे जुन्या मूर्ती बदलून नव्या घडवण्याचा विधी, झाला तेव्हा नव्या मूर्तींसाठी शोध घेतला गेला तो लिंबाच्या झाडांचाच.

मग सुतार नाक का मुरडतात? दोन कारणं आहेत. लिंबाची नस सरळ नसते, थराथराला उलटसुलट वळते, त्यामुळे रंधा मारताना ढलप्या उचकटतात. धारदार पात्याने, थोडं थोडं, तिरक्या हाताने रंधलं तर काम होतं. दुसरं कारण म्हणजे आपण लिंब ओला कापून लगेच वापरतो. मग फळी पीळ खाते आणि दोष लाकडाला दिला जातो. दार, चौकट, देव्हारा, पेटी, धान्याची कोठी या सगळ्यांसाठी मी लिंबाची शिफारस करतो, मात्र वाळवणं टाळून नाही (पाहा प्रश्न १२). बाहेरचा पांढरट थर काढून टाका, त्याला कीड लागते.

४. रोहन म्हणजे काय? डोंगराकडचे जुने लोक त्याचं फार कौतुक करतात.

कौतुक योग्यच आहे. माझ्या मते दख्खनच्या कोरड्या रानातलं हे सगळ्यात दुर्लक्षित मोलाचं झाड आहे. शास्त्रीय नाव सॉयमिडा फेब्रिफ्यूगा. या प्रजातीत ही एकच जाती आहे आणि ती नैसर्गिकपणे फक्त भारत आणि श्रीलंकेत आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने तिचं वर्णन केलं तेव्हा तिला महोगनीच्याच प्रजातीत घालून स्वीटेनिया फेब्रिफ्यूगा म्हटलं होतं. फळ, बी आणि लाकूड पाहिल्यावर त्याला तसं का वाटलं असेल ते लगेच कळतं.

झाड उंच आणि सरळ वाढतं. साल जाड, खडबडीत, खवल्यांनी सुटणारी असते आणि तिला खाच दिली की आत लाल दिसतं. संयुक्त पानात समोरासमोर पर्णिकांच्या (छोट्या उपपानांच्या) तीन ते सहा जोड्या असतात, टोकाला एकटी पर्णिका नसते. पर्णिकेचा तळ एका बाजूला जास्त उतरलेला असतो आणि कोवळी पालवी तांबडी येते. फुलं बारीक, हिरवट पांढरी. बोंड काळपट, लाकडासारखं कठीण असतं आणि पाच शकलांनी चांदणीसारखं उघडतं. आतल्या चपट्या बियांना दोन्ही टोकांना पंख असतात. उघडलेली बोंडं झाडावर बराच काळ टिकून राहतात, त्यामुळे पानगळीतही रोहन ओळखता येतो.

लाकूड गडद तांबडं, अत्यंत कठीण आणि महोगनीपेक्षा कितीतरी जड. वाळवी लागत नाही आणि ते जमिनीत किंवा पाण्यात असलं तरी टिकतं. म्हणून विहिरीचं काम, खांब, तुळया आणि शेतीची अवजारं यांसाठी ते वापरलं जाई. हलक्या फर्निचरसाठी ते नव्हे, कारण खिळा ठोकायलाही आधी भोक पाडावं लागतं.

सालीचा उपयोग तापावर होत असे. एके काळी सिंकोनाच्या (क्विनीन देणाऱ्या झाडाच्या) सालीला पर्याय म्हणूनही तिच्याकडे पाहिलं गेलं. आयुर्वेदात मांसरोहिणी म्हणतात ती हीच. या औषधीपणानेच झाडाचा घात केला. खोडाभोवती पूर्ण कडं करून साल सोलली की झाड उभं वाळतं. रानात असं सोललेलं झाड दिसलं तर वन विभागाला कळवा. रोप स्वतः कसं करायचं ते शेवटच्या प्रश्नात आहे.

५. तूण आपल्याकडे वापरात आहे का? नाव फक्त पुस्तकात वाचलंय.

तुम्ही ती ऐकली आहे. मिरजेची सतार आणि तानपुरा बनतो त्यात तुणीचं लाकूड असतं. तूण म्हणजे तूना सिलिएटा, महोगनीच्याच शाखेतली. लाकूड विटकरी तांबूस, सुवासिक, हलकं (घनमीटरला पाचशे किलोच्या आसपास) आणि वाळल्यावर फारसं न हलणारं. दांडी सरळ राहावी आणि वाद्य घुमावं, यासाठी असंच लाकूड हवं असतं. या वाद्यांचे भोपळे पिकतात ते आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात. म्हणजे मिरजेच्या तानपुऱ्यात सोलापूरची माती आणि महोगनीची नातलग एकत्र येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

झाड मात्र ओलाव्याचं आहे. नैसर्गिकपणे ते हिमालयाच्या पायथ्याशी, सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत वाढतं. तिथे ‘रेड सिडार’ म्हणतात ते हेच झाड. सोलापुरात ओढ्याकाठी, विहिरीजवळ किंवा सांडपाण्यावर एखाददुसरं लावायला हरकत नाही. कोरडवाहू माळावर नको. तुणीच्या फुलांपासून पिवळा रंगही निघतो, पूर्वी तो कापड रंगवायला वापरत.

६. बकाण आणि मलबार नीम एकच का? रोपवाला एकच म्हणतो.

एकच नाहीत. बकाण म्हणजे मेलिया अझेडराख. मध्यम उंचीचं झाड, जांभळट सुवासिक फुलं, आणि पानगळीनंतरही फांद्यांवर लटकणाऱ्या पिवळ्या गोल्यांचे घोस. मलबार नीम म्हणजे मेलिया डुबिया, आपला लिंबारा. तो सरळसोट आणि फार भराभर वाढतो, फुलं पांढरट आणि फळ बकाणापेक्षा मोठं. दोघांची पानं दोन-तीनदा विभागलेली असतात, तर लिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं.

मलबार नीम प्लायवुडसाठी लावतात आणि सहा ते आठ वर्षांत तोडतात. पण तो हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचा आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर पडतो, तोही बेभरवशाचा. ठिबकवर तो वाढेल, मात्र ते पाणी डाळिंबाच्या किंवा ज्वारीच्या वाट्याचं असेल. हिशेब आधी मांडा. बकाण कोरड्यात तग धरतो आणि लाकूड पेट्या, खेळणी, हलकं फर्निचर यांना चांगलं आहे.

७. एक एकर महोगनी लावली तर बारा वर्षांत कोटभर मिळतील असं सांगतात. खरं आहे का?

सोलापूरच्या जमिनीवर या आकड्यावर विसंबून कर्ज काढू नका. कारणं सांगतो.

मोठ्या पानांची महोगनी हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस मागते. लहान पानांची जात कोरडं हवामान जास्त सोसते, पण ती सावकाश वाढते. जगभर महोगनीची लागवड साधारण २५ ते ४० वर्षांच्या हिशेबाने करतात. बाराव्या वर्षी झाड उंच दिसलं तरी आत तांबडा गाभा थोडा आणि फिकं कच्चं लाकूड जास्त असतं. ज्या भावाने ‘महोगनी’ विकली जाते तो भाव जुन्या झाडाच्या गाभ्याचा असतो. सांगितलेल्या कोटीत घनफूट किती धरलं, भाव कोणत्या लाकडाचा धरला आणि खरेदीचा करार कोण लेखी देतो, हे तीन प्रश्न विचारून पाहा. त्याशिवाय अळीचा धोका वेगळाच (पाहा प्रश्न ९).

हौसेने बांधावर दहा-वीस झाडं लावायची असतील तर अवश्य लावा. एकरभर एकच झाड नको.

८. रोपवाटिकेतून आणलेलं रोप खरंच महोगनीचं आहे हे कसं ओळखू?

महोगनीच्या नावाने अनेकदा खाया मिळते, म्हणजे आफ्रिकन महोगनी. तीही याच कुळातली आणि तिचं लाकूडही चांगलं. खाया सेनेगालेन्सिस तर दुष्काळ बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे आपल्याकडे ती खऱ्या महोगनीपेक्षा बरी ठरू शकते. फक्त पैसे देताना काय घेतलंय ते ठाऊक असावं.

रोपात पर्णिकेचा तळ पाहा. स्वीटेनियात तो ठळकपणे वाकडा असतो आणि टोक निमुळतं. खायाची पर्णिका जवळपास सारख्या तळाची आणि बोथट टोकाची असते. झाड मोठं असेल तर फळ निकाल देतं. महोगनीचं बोंड उभट, लांबोळं असतं, पाच शकलांनी खालून फुटतं आणि बीला एकच लांब पंख असतो. खायाचं बोंड गोल, बहुधा चार शकलांचं, वरून फुटतं, आणि बी चकतीसारखं, भोवती अरुंद पंखाची कड असलेलं. रोपवाटिकेला मातृवृक्षाचं फळ दाखवायला सांगा.

९. झाड छान चाललं होतं, अचानक शेंडा सुकला आणि दोन फांद्या फुटल्या. काय झालं?

शेंडा पोखरणारी अळी, हिप्सिपिला रोबस्टा नावाच्या पतंगाची. मादी कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते, अळी आत शिरून गर खाते. शेंडा मरतो, खालून दोन-तीन फुटवे येतात आणि सरळ खोडाचा सोट तिथेच संपतो. महोगनी आणि तूण या दोघींना तिचा मोठा त्रास आहे. अमेरिकेत याच पतंगाची दुसरी जाती, हिप्सिपिला ग्रँडेला, महोगनी आणि सेड्रेलाला छळते. तिथे तूण लावली तर ती बऱ्यापैकी सुटते, म्हणूनच ब्राझीलमध्ये खाया आणि तुणीची लागवड होते.

सुकलेला शेंडा निरोगी लाकडापर्यंत कापून जाळा. फुटव्यांतला एक सरळ ठेवा, बाकीचे काढा. रोपं लिंब, बकाण, करंज यांच्यात विखरून लावा, म्हणजे पतंगाला एका ठिकाणी मेजवानी मिळत नाही. लिंबावर ही अळी येत नाही. लिंबाचे शेंडे करपतात ते ढेकण्या ही रस शोषणारी कीड आणि बुरशी यांमुळे, आणि जोमदार झाड त्यातून बहुधा पुन्हा फुटतं.

१०. वखारीतून ‘महोगनी’ म्हणून फळ्या घेतल्या. सुताराला शंका आहे. घरी तपासता येईल?

बऱ्यापैकी. फळीचं आडवं कापलेलं टोक धारदार पात्याने गुळगुळीत तासा, थोडं ओलं करा आणि दहापट भिंगातून पाहा. खऱ्या महोगनीत वाढीच्या वलयांच्या कडेने बारीक फिकट रेघा दिसतात. खायात त्या सहसा नसतात. रांगेने पांढरे ठिपके दिसले तर ते राळेच्या नळ्यांचे असू शकतात. मग ते मेरांटी किंवा लाउआन, म्हणजे सालवृक्षाच्या कुळातलं लाकूड. ‘फिलिपाइन महोगनी’ म्हणून तेच विकतात आणि त्याचा महोगनीशी काहीही संबंध नाही. ‘सँटोस महोगनी’ ही शेंगांच्या कुळातली, तीही परकीच. सापेली मात्र खरी नातलग, आफ्रिकेतली. चिरल्यावर फळीवर रिबिनीसारखे चमकदार पट्टे दिसतात.

नुसत्या रंगावर जाऊ नका, पॉलिशने कोणतंही लाकूड तांबडं होतं.

११. भेरा आणि रोहिडा हेही महोगनीचे नातलग ना?

नाहीत. भेऱ्याच्या शास्त्रीय नावातच ‘स्वीटेनिया’ आहे (क्लोरोझायलॉन स्वीटेनिया), त्यामुळे घोटाळा होतो. पूर्वी त्याला निंबकुळाजवळ धरतही असत. आज तो लिंबू आणि बेलाच्या कुळात आहे. पान चुरगळून वास घ्या, उजेडात धरून तेलाचे ठिपके पाहा. लाकूड पिवळं, रेशमासारखं चमकणारं आणि फार सुंदर असतं, ते वेगळं.

रोहिडा हे राजस्थानातलं केशरी फुलांचं झाड, टेकोमेला, वेगळ्याच कुळातलं. रोहितक किंवा रक्तरोहिडा हा निंबकुळातला, पण ओलसर जंगलातला. रोहन तिसराच (पाहा प्रश्न ४). औषधासाठी साल विकत घेणाऱ्यांनी या तिघांची गल्लत होऊ देऊ नये.

१२. लाकूड वाळवायचं कसं? आमच्या उन्हात तर दोन महिन्यांत तडे जातात.

तडे जातात ते ऊन थेट लागल्यामुळे. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या उन्हात फळीची वरची बाजू आणि टोकं झपाट्याने सुकतात, आतला भाग ओलाच राहतो, आणि लाकूड फाटतं. ओंडका पडल्यावर दोन्ही टोकांना लगेच जाड ऑइलपेंट किंवा मेण लावा. लवकर चिरून फळ्या सावलीत रचा. दोन फळ्यांमध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक अशा उभ्या ओळीत ठेवा, वरती दगडांचं वजन ठेवा. वारा खेळता हवा, ऊन नको. जुना अंदाज इंचाला एक वर्षाचा. आपल्या कोरड्या हवेत तो थोडा कमी होतो, पण लिंबाला घाई करू नका. रोहनला तर आणखी वेळ द्या.

१३. भुश्याने खोकला येतो, बिया मधुमेहावर खातात, शेळ्या पाला खातात. यात धोका काय?

भुसा: महोगनी, खाया, तूण यांच्या बारीक भुश्याने त्वचेला खाज आणि श्वासाला त्रास होतो. मशीनवर काम करताना मास्क लावा. दम्याच्या माणसाने तर लावलाच पाहिजे.

बिया: महोगनीच्या कडू बिया मधुमेहावर खाऊ नका. अशा सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आग्नेय आशियात नोंदली गेली आहेत. चालू औषधं बंद करून तर हा प्रयोग मुळीच नको.

जनावरं: बकाणाची फळं माणसांना आणि डुकरांना विषारी आहेत. अंगणात लहान मुलं असतील तर बकाण तिथे नको. मलबार नीमचा पाला शेळ्या खातात.

१४. आमचा माळ रिकामाच पडलाय. तिथे ही झाडं लावू का?

माळ रिकामा नसतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य ज्या गवताळ माळासाठी १९७९ साली घोषित झालं, तसाच तो असेल तर दाट झाडी लावून तो मोडू नका. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा यांना मोकळा माळ लागतो. तुमच्या शेळ्या-मेंढ्यांनाही. झाडं बांधावर, वस्तीजवळ, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला लावा. ज्वारीच्या शेतात दक्षिणेच्या बांधावरची सावली पिकावर येते, हेही लक्षात घ्या.

१५. स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायला परवानगी लागते?

महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीतल्या जातींना परवानगी लागते. झाडाचं नाव, गट नंबर आणि सातबारा घेऊन वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज करा, वाहतुकीच्या परवान्याचंही तिथेच विचारा. लागवड केलीत की लगेच तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. पुढे तीच तुमचा पुरावा ठरते.

परदेशी लाकूड आणत असाल तर साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, लागू होतो. अमेरिकेतली मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून, सेड्रेला २०२० पासून आणि आफ्रिकेतली खाया २०२३ पासून परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे व्यापाराला परवाना लागणाऱ्या यादीत, आहे.

१६. रोहनचं रोप कुठेच मिळत नाही. घरी करता येईल का?

येईल, आणि मी तर म्हणेन की प्रत्येक गावात दोघा-चौघांनी करावं. उन्हाळ्यात तपकिरी झालेली पण न उघडलेली बोंडं जमा करा, जंगल राखीव असेल तर परवानगी घेऊनच. ताटात उन्हात ठेवली की ती उघडतात. बिया ताज्याच पेरा, वर्षभर डब्यात ठेवू नका. उंच पिशवी घ्या, कारण मूळ खोल जातं. माती, वाळू आणि थोडं शेणखत, वर बी झाकेल इतकाच थर.

दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मुरमाड, निचऱ्याच्या जागी लावा. पाणी साचणारी काळी चिकट जमीन टाळा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा पाणी आणि शेळ्यांपासून काट्यांचं कुंपण पुरेसं आहे. वाढ सावकाश असते, म्हणून जागा निवडताना तिथून उद्या रस्ता, तार किंवा पाइपलाइन जाणार नाही ना, एवढं पाहून घ्या.